कपडे इंग्लंडचे, ऐट किंग्स्टनची

काळा सूट, पांढरा शर्ट, बारीक काळा टाय, आखूड काठाची टोपी, काळा चष्मा. पँट घोट्याच्या वरच संपलेली, त्यामुळे पांढरे मोजे उठून दिसतात; पायांत काळे लोफर. टू टोन या इंग्लिश रेकॉर्ड कंपनीचं हे बोधचिन्ह. जेरी डॅमर्सने १९७९ साली कॉव्हेंट्री शहरात ही कंपनी काढली आणि चित्रातल्या माणसाचं नाव ठेवलं वॉल्ट जॅब्स्को. आज 'ब्रिटिश व्हिंटेज' म्हणून जो माल विकला जातो, त्यातल्या निम्म्या गोष्टी या एका चित्रात आहेत. पण ज्याच्या फोटोवरून चित्र काढलं तो ब्रिटिश नव्हता. तो जमैकाचा पीटर टॉश, बॉब मार्लीबरोबर वेलर्समध्ये गाणारा.

रूड बॉय नावाच्या या जमैकन फॅशनमधली एकेक वस्तू सुटी करून पाहिली तर जमैकात जन्मलेली जवळजवळ एकही नाही. शर्टाची कॉलर अमेरिकन, जॅकेट मँचेस्टरचं, चौकडा मद्रासचा, बुटाची कल्पना कैरोच्या बाजारातली. जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या पोरांनी दिली ती जुळणी: काय कशाबरोबर घालायचं, किती आखूड, किती घट्ट आणि किती स्वच्छ. म्हणून ब्रँडची नावं पाठ करून हा लूक जमत नाही. कापड आणि मापं कळली की जमतो, मग शर्ट गल्लीतल्या शिंप्याने शिवलेला का असेना.

रूड बॉय म्हणजे कोण

६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला. खेड्यांतून किंग्स्टनला आलेल्या तरुणांचे लोंढे पश्चिम भागातल्या वस्त्यांत साचले. हाताला काम नव्हतं. करमणूक होती ती साउंड सिस्टिमची: ट्रकवर लादलेले कपाटाएवढे स्पीकर, उघडं मैदान आणि रात्रभर नाच. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड या दोन बड्या साउंडवाल्यांची चुरस तर गाजलेलीच. तिथे जायचं तर कपडे कडक हवेत. अशा तरुणालाच रूड बॉय म्हणत: टपोरी म्हणावं तर कपडे नवरदेवाचे, आणि सभ्य म्हणावं तर खिशात चाकू. फ्लोरिडाच्या शेतांवर हंगामी मजुरीला जाऊन आलेले लोक अमेरिकन रेकॉर्ड आणि अमेरिकन कपडे घेऊन परतत. त्यात ब्रिटिश शिवणकामाचं वळण लागलेले स्थानिक शिंपी. दोन्ही मिळून तो बारीक, आखूड, काळा सूट तयार झाला.

इंग्लंडला ही ऐट त्याआधीच दिसली होती. २२ जून १९४८ रोजी टिलबरी बंदरात 'एम्पायर विंडरश' या जहाजातून कॅरिबियन प्रवासी उतरले. त्या दिवसाचे फोटो बघा: कामाच्या शोधात आलेली माणसं, आणि अंगावर इस्त्रीचे सूट, डोक्यावर नीट बसवलेल्या हॅट. त्यांच्या पुढच्या पिढीला गोऱ्यांच्या क्लबमध्ये घेत नसत, मग तळघरांत स्वतःच्या पार्ट्या सुरू झाल्या. त्यांच्या रेकॉर्ड आणि त्यांचे कपडे आधी मॉड्स या फॅशनवेड्या इंग्लिश तरुणांनी उचलले, मग १९६८-६९ च्या सुमारास कामगारवस्त्यांतल्या, डोकं बारीक कापलेल्या स्किनहेड पोरांनी.

धूपछाव कापड: सगळ्यात जास्त चुका इथे

या फॅशनचं सर्वांत देखणं कापड म्हणजे टॉनिक. डॉर्मई या कंपनीने १९५७ साली 'टॉनिक' याच नावाने लोकर आणि मोहेर यांचं एक कापड आणलं; पुढे तशा सगळ्याच चमकदार कापडाला लोक टॉनिक म्हणू लागले. हालचाल केली की रंग बदलतो: निळा म्हणता म्हणता तांबूस, हिरवा म्हणता म्हणता सोनेरी. मराठी वाचकाला हे समजायला पैठणी पुरेशी आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की जी धूपछाव दिसते, तीच ही. फरक एवढाच, की तिथे रेशीम, इथे अंगोरा बोकडाच्या केसांचा धागा, म्हणजे मोहेर.

मोहेरचा धागा गुळगुळीत आणि ताठ असतो. त्यामुळे कापड चुरगळत नाही, पँटची घडी दिवसभर टिकते. पण हाच ताठपणा जुन्या कपड्यात मारक ठरतो. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर इस्त्री पडली की धागा त्या रेषेवर तुटतो. म्हणून जुनी टॉनिक पँट घेताना पुढची घडी खिडकीसमोर धरून वरपासून खालपर्यंत बघा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं रांगेने दिसली तर पँट सोडून द्या. ती रफूने सुधारत नाही, कारण शेजारचा धागाही तितकाच थकलेला असतो. मग गुडघे, बैठक आणि कोटाची कोपरं. लोकरीला कसर लागलेली असेल तर भोकं वेडीवाकडी आणि कुठेही असतात. घडीवर सरळ रांगेत असतील तर ती झिजेची.

खरं धूपछाव आहे की पॉलिस्टरची नुसती चमक, हे ओळखायला आतल्या शिलाईचा दाब उलगडा आणि कडेचे दोन धागे ओढून काढा, एक उभा, एक आडवा. रंग वेगळे निघाले तर माल खरा. दोन्ही एकाच रंगाचे निघाले तर ती नुसती चमक, धूपछाव नव्हे.

नवं शिवून घेणार असाल तर सूटिंगच्या दुकानात असं दोन रंगांचं कापड मिळतं. मध्यम बांध्याच्या सूटला ५८ इंच पन्ह्याचं सव्वातीन मीटर पुरतं. यासाठी साडेतीन घ्या. कारण असं: कापड वाचवायला काही कारागीर कॉलर किंवा खिशाचे झाकण आडवे कापतात. साध्या कापडात ते खपून जातं. धूपछावमध्ये आडव्या तुकड्याचा ताणा-बाणा उलटा होतो आणि निळ्या कोटाला तपकिरी कॉलर लावल्यासारखी दिसते. कापायच्या आधीच सांगून ठेवा, सगळे तुकडे एकाच दिशेने.

मापं साधारण अशी. कोट तीन बटणांचा, लॅपल दोन ते अडीच इंच, खांद्यात पॅड नावापुरतं. पँटला पुढे प्लीट नको. बॉटम गोलाई १५ ते १६ इंच, आणि लांबी बुटावर कापड न मोडता संपणारी. शिंपी नेहमीच्या सवयीने एक इंच जास्त सोडतो, आणि तो एक इंच सगळा लूक बुडवतो. शिवून झाल्यावर इस्त्री नेहमी ओलसर सुती फडक्यावरून. थेट इस्त्री फिरवली की चकाकीचे डाग पडतात, ते जात नाहीत.

कसरीसाठी डांबरगोळ्या ठीक आहेत, पण जुना कोट घरात आणला की आधी हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. अंडी तिथे मरतात. डांबरगोळ्यांच्या नुसत्या वासाने मरतीलच असं नाही.

न मोडणारी घडी आणि न ताठणारी कॉलर

लीव्हाय्सने १९६४ साली स्टा-प्रेस्ट पँट आणली: धुतल्यावर इस्त्री न करताही घडी तशीच. कापडाला रेझिन लावायचं, पँट शिवायची, घडी दाबायची आणि मग भट्टीत तापवायची. रेझिन सुती धाग्यांना आतून एकमेकांशी जोडतं आणि कापडाला तोच आकार 'लक्षात' राहतो. याचे दोन तोटे जुनी पँट घेताना कळतात. एक, लांबी सोडून घेतली तर जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ कायम राहते. तेव्हा आखूड पँट घेऊन वाढवता येत नाही. लांब घेऊन कापा. दुसरा, रेझिनमुळे धागा ठिसूळ होतो, म्हणून खिशाच्या तोंडाशी आणि घडीवर ती आधी विरते.

शर्टाचं थोडक्यात. ब्रायटनचा आर्थर बर्नार्ड शुगरमन अमेरिका बघून आला आणि १९६३ साली बेन शर्मन या नावाने बटण-डाउन कॉलरचे शर्ट विकू लागला. पाठीवर मधोमध प्लीट, तिच्या वर खुंटीला अडकवायची छोटी पट्टी, कॉलरला मागेही एक बटण. शिवून घेताना एकच आग्रह धरा: कॉलरला कडक बकरम नको. बटण लावल्यावर कॉलरला पुढे जो हलका फुगवटा येतो तोच तिचा जीव आहे. बकरम घातलं की ती पुठ्ठ्यासारखी चपटी बसते. फ्रेड पेरीचा पोलो शर्ट १९५२ चा. त्यावरचा पानांचा हार भरतकामाचा असतो, चिकटवलेला दिसला तर नक्कल.

चौकड्याचा उलटा प्रवास

जमैकाच्या लोकवेशात बायका डोक्याला लाल-पांढऱ्या चौकड्याचं कापड बांधतात, त्याला तिथे 'बंडाना' म्हणतात. शब्द आपल्या 'बांधणी'च्या कुळातला, आणि कापड मूळचं मद्रासच्या मागावरचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून हे हातमागाचे चौकडे पश्चिम आफ्रिका आणि कॅरिबियनमध्ये जात होते. सेंट लुसिया, डॉमिनिका, मार्टिनिक इथल्या पारंपरिक वेशाला आजही 'मद्रास' हाच शब्द आहे. १० मे १८४५ रोजी 'ब्लंडेल' जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये जमैकात उतरले, तेव्हा ते कापड त्यांच्या आधीच तिथे पोचलेलं होतं.

अमेरिकेतला भाग मुंबईतून जातो. पुढे सहारला लीला हॉटेल उभं करणारे कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर तेव्हा कापडाच्या धंद्यात होते. १९५८ साली विल्यम जेकबसन या अमेरिकन आयातदाराने त्यांच्याकडून मद्रास चेक्स घेतले आणि ते ब्रुक्स ब्रदर्सच्या दुकानात पोचले. रंग वनस्पतींचे, पक्के न केलेले. गिऱ्हाइकांनी मशीनमध्ये धुतले, रंग उतरले, तक्रारी आल्या. मग हाच दोष गुण म्हणून विकला गेला: रंग उतरणार याची हमी. प्रत्येक धुण्यात चौकडा मऊ आणि धूसर होत जातो, आणि तेच हवंसं वाटू लागलं.

असा शर्ट मिळाला तर पहिली तीन-चार धुणी एकट्याची, गार पाण्यात, उलटा करून. पाव बादली पाण्यात मूठभर मीठ घालून दहा मिनिटं भिजवायची जुनी रीत आहे. मोकळा रंग जरा आवरतो, पक्का मात्र होत नाही. पिळू नका, सावलीत वाळवा. आणि भिजवून विसरू नका. रात्रभर राहिला तर लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात शिरतो आणि तो गुलाबी डाग काढायचा काही उपाय नाही.

काळी बाजू

भारतीय वाचकाने हे वगळून पुढे जाऊ नये. जमैकन गाण्यांवर नाचणाऱ्या त्या पहिल्या स्किनहेडमधल्याच काही टोळ्यांनी १९६९-७० मध्ये पूर्व लंडनच्या रस्त्यांवर भारतीय, पाकिस्तानी, बंगाली माणसांना गाठून मारलं. बूट तेच, शर्ट तेच. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाने स्किनहेड पोरं आपल्याकडे ओढली आणि त्या कपड्यांचा अर्थच बदलून टाकला.

टू टोनचं महत्त्व इथे आहे. स्पेशल्स, सिलेक्टर या बँडमध्ये काळी-गोरी माणसं एकाच मंचावर होती, आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी त्याचीच खूण. त्यांचे सूट जुन्या कपड्यांच्या दुकानातले, पंधरा वर्षांपूर्वीचे. या फॅशनचं पहिलं पुनरुज्जीवन असं सेकंडहँड मालावरच झालं. सिलेक्टरची पॉलीन ब्लॅक पुरुषी सूट आणि हॅट घालून उभी राहिली आणि 'रूड गर्ल'चा नमुना तिने घालून दिला. ३ जुलै १९८१ रोजी साउथॉलमध्ये स्किनहेड बँडच्या कार्यक्रमाला बाहेरून आलेल्यांनी भारतीयांच्या दुकानांच्या काचा फोडल्या आणि स्थानिक आशियाई तरुणांनी तो पब, हॅम्ब्रो टॅव्हर्न, जाळला. त्याच महिन्यात स्पेशल्सचं 'घोस्ट टाउन' हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं.

क्लार्क्स: किंग्स्टनचा लाडका बूट

दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर असताना नेथन क्लार्कने काही अधिकाऱ्यांच्या पायांत कैरोच्या बाजारात बनलेले मऊ स्वेडचे, म्हणजे लवदार चामड्याचे, क्रेप सोलचे बूट पाहिले. १९५० साली त्यावरून डेझर्ट बूट बाजारात आला. इंग्लंडमध्ये हा साधा, आरामाचा बूट. जमैकात तो प्रतिष्ठेचा झाला, इतका की पोरं खिशात टूथब्रश ठेवून स्वेड झटकत. डेझर्ट ट्रेक नावाच्या मॉडेलवर पाठीला पिशवी लावलेल्या माणसाचं चित्र आहे. जमैकनांनी ठरवलं की पिशवीत लुटीचा माल आहे, आणि बुटाचं नाव पडलं 'बँक रॉबर'. वॉलबी हे मॉडेल न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांचंही लाडकं झालं. तिथेही जमैकाचा धागा आहे: ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ च्या ज्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात, ती करणारा डीजे कूल हर्क किंग्स्टनमध्ये जन्मलेला.

क्रेप म्हणजे जवळजवळ कच्चं रबर, चिकाचे थर दाबून केलेलं. त्यामुळे चालताना गादीसारखं लागतं, आणि त्यामुळेच आपल्या हवेत त्रास देतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलं तर चिकट होतं आणि धूळ कायमची धरतं. पेट्रोल, रॉकेल, थिनर लागलं तर विरघळतं. ओल्या लादीवर घसरतं. साफ करायला गार पाणी, थोडा साबण, ताठ ब्रश. चिकटपणा आलाच तर वरून टाल्कम पावडर.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात स्वेडवर बुरशी येते. ती आधी घराबाहेर, कोरडीच, ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसली तर आत मुरते. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने टिपा. आधी टाचेच्या आतल्या बाजूला रंग जातो का बघा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली वाळवा, बोळे सकाळ-संध्याकाळ बदला. मळाचे डाग साध्या खोडरबराने निघतात. पॉलिश कधीही नाही.

आता सापळा. जुना पण न वापरलेला, डब्यातला कोरा बूट पाहून हुरळून जाऊ नका. सोल क्रेपऐवजी पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतली वाफ त्याच्या आतल्या साखळ्या तोडत राहते, वापर असो वा नसो. बाहेरून धडधाकट दिसणारा सोल पहिल्या फेरीत बिस्किटासारखा चुरतो. अंगठ्याचं नख दाबून बघा: खूण राहिली, भुगा निघाला किंवा बोट चिकटलं तर किमतीत नव्या सोलचा खर्च धरा. क्रेप असा चुरत नाही. तो काळपट होतो, कडक होतो, कडेने तडकतो, आणि मोचीकडून बदलता येतो.

आता काय चाललंय

२०१४ साली लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये आजच्या रूड बॉयच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. त्यानंतर सूत्रं कॅरिबियन वंशाच्या डिझायनरांच्याच हाती आली: मार्टिन रोझ, निकोलस डेली, आणि २०१६ चं एलव्हीएमएच हे तरुण डिझायनरांचं पारितोषिक मिळवणारी ग्रेस वेल्स बॉनर. वडील जमैकन असलेल्या बॉनरने २०२० पासून आदिदासबरोबर जे बूट आणि ट्रॅकसूट केले, त्यांत सूटवाले रूड बॉय नाहीत. सत्तरच्या दशकातल्या लंडनच्या जमैकन घरांतली विणलेली कापडं आणि क्रोशाचं काम आहे. पुढची फेरी त्याच काळाची दिसते: गबिचीचे स्वेडच्या पट्ट्या लावलेले विणीचे शर्ट, फराहच्या पँट. जुन्या बाजारात ते अजून टॉनिक सूटइतके महाग नाहीत. गबिची घेताना स्वेड आणि वीण जुळते ती शिलाई ताणून बघा. धुण्यात दोन्ही वेगवेगळी आटतात आणि तिथेच फाटतं.

एक गोंधळ मात्र टाळा. गोव्यातल्या हणजूण-हरमलच्या दुकानांतल्या लाल-पिवळ्या-हिरव्या टोप्या हा वेगळा धागा. ते रंग इथिओपियाच्या झेंड्याचे, जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे. टॉनिक सूटवर ती टोपी म्हणजे दोन दशकांची खिचडी.

सूटवर जाते ती पोर्कपाय किंवा आखूड काठाची ट्रिल्बी. पोर्कपायचा माथा सपाट आणि काठ चहूबाजूंनी वर वळलेला. ट्रिल्बीचा माथा मध्ये दबलेला, काठ पुढे खाली, मागे वर. काठ दोन इंचांच्या आत. माप कपाळावरून, कानांच्या थोडं वरून फिरवून सेंटिमीटरमध्ये घ्या आणि जुन्या टोपीसाठी एक सेंटिमीटर मोठी बघा, कारण आतली चामड्याची घामपट्टी सुकून आटलेली असते. ती पट्टी बोटाने हलकेच दुमडून बघा. कडकन मोडली तर बदलावी लागेल. आणि विकणारा सशाच्या केसांचं फेल्ट (केस दाबून केलेलं जाड कापड) म्हणून भाव सांगत असेल तर काठाच्या खालच्या बाजूला पाण्याचा एक थेंब ठेवा. चांगल्या फेल्टवर तो मोत्यासारखा उभा राहतो. साध्या लोकरीत लगेच जिरतो, आणि मग समजायचं की टोपी विकताना आपल्यालाच टोपी घातली जातेय.